बुचाखालची बिअर

२०१०चा उन्हाळा. फिनलंडची ऑलंड बेटं, फॉग्लोजवळचा समुद्र. सुमारे ५० मीटर खोल बुडालेल्या एका जहाजात पाणबुड्यांना शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या, दीडशेच्या आसपास. सोबतच्या पाच बाटल्या मात्र वेगळ्या निघाल्या. वर आणल्यावर बाहेरचा दाब उतरला, एक बाटली तडकली, आतला द्रव फसफसला. तेव्हा कळलं, ही बिअर आहे. १८४०च्या दशकातली.

फिनलंडच्या व्हीटीटी संशोधन केंद्राने दोन बाटल्या तपासल्या. रंग अजून छान सोनेरी. वास मात्र आंबट दुधाचा, व्हिनेगरचा, बोकडाचा, जळक्या रबराचाही. अल्कोहोल जेमतेम ३ टक्के, कारण बाटलीत ३० टक्क्यांपर्यंत समुद्राचं पाणी शिरलेलं.

हे पाणी शिरलं कसं? बिअरमधला वायू बाटलीत साधारण २ वातावरणांचा दाब धरतो. ५० मीटरवर बाहेरचा दाब ६. बूच आतून सुटू नये म्हणून ठोकलेलं असतं. इथे समुद्रच त्याला आत रेटत होता. दीडशेहून जास्त वर्षं, थेंबाथेंबाने. अंधार आणि फ्रिजसारखी थंडी नसती, तर इतकंही हाती लागलं नसतं.

घरच्या बाटलीत धोका उलट्या दिशेने येतो, आतून. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, परदेशात करणाऱ्यांनी तिथला नियम बघावा.)

समजा २० लिटरचा घाणा आहे. वर्टची, म्हणजे न आंबलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड रसाची, घनता पाण्याच्या तुलनेत १.०५०, आंबून झाल्यावर १.०१२, म्हणजे सुमारे ५ टक्के अल्कोहोल. हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजायच्या तरंगत्या नळीचा, आकडा लागोपाठ तीन दिवस हलला नाही, की मगच बाटल्या भरायच्या. १२० ग्रॅम साखर पाव लिटर पाण्यात उकळायची, थंड करून भरायच्या भांड्यात आधी ओतायची आणि बिअर नळीने अलगद तिच्यावर सोडायची. घुसळली की हवा मिसळते आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटलीत वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून झाकण दाबायचं. २० अंशांवर दोन आठवडे ठेवलं, की यीस्ट ती साखर खाऊन वायू तयार करतं.

घाई इथेच महागात पडते. १.०१८ वरच भरली, तर १.०१२ पर्यंतचे उरलेले सहा अंक बाटलीत आंबतात आणि वायू ठरल्याच्या दुपटीहून जास्त होतो. काचेला ते पेलत नाही. म्हणून पहिल्या काही बाटल्या झाकण असलेल्या पेटीत ठेवाव्यात, आणि शंका आली तर थंडगार करून मगच उघडाव्यात.

जुन्या बाटलीच्या तळाचा गाळ वाढवून तेच यीस्ट परत मिळवायचा मोह सगळ्यांना होतो. वर्षभराच्या बाटलीवर ते जमतं. तळाचा शेवटचा एक सेंटिमीटर राखायचा, बाटलीचं तोंड आचेवरून फिरवायचं, २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम माल्टच्या अर्काची सुकी भुकटी उकळून गार केलेल्या रसात तो सोडायचा. दोन-चार दिवसांत फेस धरला, की एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम त्याच भुकटीच्या रसात वाढवायचा. वास पावासारखा आला तर ठीक, ताकासारखा आला तर फेकून द्यायचा.

ऑलंडच्या बाटल्यांत यीस्ट पार मेलेलं होतं. जिवंत निघाले ते लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू. बेटावरच्या स्टॉलहागेन ब्रुअरीने पुढे १८४३ नावाची बिअर काढली, ती पृथक्करणातल्या आकड्यांवर बेतून.

हेच जीवाणू घरच्या प्लास्टिकच्या नळीत, एखाद्या बारीक चरात तग धरतात. जंतुनाशक तिथपर्यंत पोचत नाही. बाटलीच्या मानेत, बिअर जिथवर भरलेली असते तिथे, एक बारीक पांढुरकं कडं दिसतं. ते दिसलं, की नळी बदलायची. धुवायची नाही.