एक तार, दोन नियामक

फोनबद्दल तक्रार असली की आपण दिल्लीकडे बघतो. बरोबरच आहे, राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात टेलिफोन केंद्र सूचीत आहे, 31व्या नोंदीत. उद्या मंत्रालयातून कुणी म्हणालं की महाराष्ट्रापुरते मोबाइलचे दर आम्ही ठरवू, तर लोक हसतील. अमेरिकेत इतकं सहज हसता येत नाही. तिथे राज्याराज्यांचे स्वतःचे नियामक आयोग आहेत, आणि राज्याच्या हद्दीतली टेलिफोन सेवा 1934च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्याकडेच ठेवली.

आता गंमत बघा. लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समधून शेजाऱ्याला केलेला फोन आणि परराज्यात शिकागोला केलेला फोन घरातून निघतो एकाच तारेवरून, एकाच एक्स्चेंजकडे. मग त्या यंत्रांचा घसारा कुणाच्या हिशेबाने धरायचा? हसू नका, भांडण खरोखर घसाऱ्याचंच होतं. समजा, यंत्राची किंमत दहा वर्षांत वसूल करायची ठरली, तर दरसालचा खर्च फुगतो आणि त्यामागे ग्राहकाचं बिल. वीस वर्षं धरली तर बिल हलकं राहतं. एफसीसी हा केंद्रीय नियामक म्हणाला, आमचीच पद्धत राज्यांनीही वापरायची. लुइझियानाचा आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1986 मध्ये जिंकला. कायद्याने जो अधिकार दिलाच नाही, तो केवळ धोरण चांगलं आहे म्हणून नियामकाला घेता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं. माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य.

1996च्या कायद्याने हे कुंपण बरंच सरकलं. स्थानिक सेवेत स्पर्धा यावी म्हणून नव्या कंपन्यांनी जुन्या कंपनीचं जाळं वापरायचे दर काढायची पद्धत एफसीसीने ठरवायची आणि प्रत्यक्ष आकडे राज्य आयोगांनी, ही वाटणी 1999 मध्ये न्यायालयाने मान्य केली. त्यात आज शिरत नाही.

पुढचा अंक इंटरनेटचा. नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचे, नियम एफसीसीने स्वतःच सोडून दिले, आणि वर राज्यांना बजावलं की तुम्हीही करायचे नाहीत. 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने विचारलं, अधिकार नाही म्हणून बाजूला झालात, मग सरसकट मनाई कोणत्या अधिकाराने? तेवढ्या फटीतून राज्यं आत शिरली. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने 2021 मध्ये कायदा केला: गरीब कुटुंबांना महिना 15 डॉलरच्या आसपास ब्रॉडबँड द्यायचं. कंपन्या कोर्टात गेल्या, आधी जिंकल्या, 2024 मध्ये अपिलात हरल्या. जानेवारी 2025 मध्ये कायदा लागू झाला, आणि एटी अँड टी या बड्या टेलिफोन कंपनीने राज्यातली आपली बिनतारी घरगुती इंटरनेट सेवाच बंद केली.

म्हणजे भाव बांधता आला, दुकान उघडं ठेवता आलं नाही.

कॅलिफोर्नियात याच्या उलट घडलं. तिथे लँडलाइनसाठी जुनं बंधन आहे: नेमून दिलेल्या भागात ठरलेल्या कंपनीने मागेल त्याला फोन द्यायचाच. एटी अँड टीने त्यातून सुटका मागितली. डोंगराळ भागातली माणसं सुनावण्यांना आली; वणवा पेटला, मोबाइलला रेंज नाही, तेव्हा हीच तार, असं सांगत. जून 2024 मध्ये राज्य आयोगाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मात्र ते बंधनच नव्याने तपासायचं कामही त्याच आयोगाने हाती घेतलं.