पंखा फिरतो, स्क्रीन काळीच

(दृश्य: मालवण, जुलै. कौलांवरून पागोळ्या. टेबलाखाली सीपीयू.)

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवाही लागला. स्क्रीन मात्र काळी. मालवणपासून हर्णैपर्यंत पावसाळ्यात ही तक्रार नेहमीची, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘मदरबोर्ड गेला,’ म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड. एवढ्यात पैसे खर्चू नका.

आधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवून पाहा. तरी काही दिसेना, तर संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये (खाचेत) बसणाऱ्या मेमरीच्या कार्डावर घ्यायचा. समुद्रावरच्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांपुढे गेली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच ते इथेही सुटतं. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर तो खारा ओलावा बसतो आणि कॉन्टॅक्ट तुटतो.

(दृश्य: हातात रॅम, अगदी जवळून.)

प्लग भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण 10-15 सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल, रॅमच्या टोकाच्या खिट्ट्या उघडा, रॅम सरळ वर काढा. डेस्कटॉपच्या डीडीआर4 जातीच्या रॅमवर दोन्ही बाजू मिळून 288 पट्ट्या असतात. त्यातली एखादी काळपट दिसली, तरी दुखणं सापडलं. पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकूही नका, फुंकरीबरोबर ओलावाच आत जातो. खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत रॅम दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

तारीख रोज मागे जात असेल, सुरक्षित वेबसाइट उघडत नसतील, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल बदला, आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो 3 व्होल्टचा असतो.

पंखाही फिरत नसेल तर दुसरं सॉकेट, दुसरी वायर लावून बघा. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र घरी उघडू नका. त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकते.

(दृश्य: ढगांचा गडगडाट, भिंतीतून निघणारा प्लग.)

लाईट गेली की प्लग काढा, परत येताना व्होल्टेज उसळू शकतं. विजा चमकू लागल्या तर इंटरनेटची केबलही सोडवा. आणि सीपीयू रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. बंद केल्यावर लगेच प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, ओल आतच कोंडते.