जिप्समच्या आधी चर

मंडळी, क्षारपड रान सुधारायचं म्हटलं की जिप्समचा (कॅल्शियम आणि सल्फेट असलेल्या खनिजाचा) भाव काय, अनुदान मिळतं का, हे सगळे विचारतात. रानातलं पाणी जाणार कुठे, हे फारसं कोणी विचारत नाही. मी आज त्यावरच, म्हणजे पाणी रानाबाहेर काढणाऱ्या चरावरच, जास्त बोलणार आहे.

वाळवा, मिरज, शिरोळ हा आपला कृष्णाकाठ. खोल काळी जमीन, उपसा योजनेचं पाणी, उसामागून ऊस, आणि रात्री मोटर चालू करून सकाळी बघायची सवय. काळ्या मातीत पाणी मुळातच सावकाश मुरतं. भूजल वर आलं, उन्हानं पाणी उडालं, क्षार मागे राहिले. सखल रानं आधी गेली.

पण क्षारपड म्हणून सगळ्या जमिनी एका माळेत ओवू नका. वर पांढरं फुटलंय, क्षारता (अहवालात ईसी) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) मात्र 8.5 च्या आत, तर ती खारवट. तिला निचरा आणि गोडं पाणी द्या, जिप्समवर पैसे घालू नका. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, 15 टक्क्यांच्या वर गेलं, की ती चोपण. हा पुस्तकातला आकडा झाला. आपल्या चिकण काळ्या मातीत 5-6 टक्क्यांपासूनच निचरा बिघडायला लागतो.

माती परीक्षण तर कराच, पण घरीही एक बघता येतं. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, त्यात वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. चोपण मातीचं ढेकूळ कडेनं विरघळल्यासारखं होतं, भोवती दुधाळ ढग पसरतो आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. खारवट मातीचं ढेकूळ फुटलं तरी गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी नितळ राहतं.

हे का होतं? कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. सोडियम त्यांना सुटं करतं. सुटे कण मातीतली छिद्रं बुजवतात. मग वर तळं साचतं आणि वीतभर खाली माती कोरडी. जिप्सममधलं कॅल्शियम कणावरच्या सोडियमला हुसकावतं. हुसकावलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतं. ते पाणी रानाबाहेर गेलं नाही, तर उन्हाळ्यात तेच सोडियम परत वर येणार. गाडी भरून जिप्सम टाकलं आणि फरक पडला नाही, ही तक्रार मी गावोगाव ऐकतो. बहुतेक ठिकाणी चरच नसतो.

पाण्याचा हिशेब बघा. लिटरभर पाण्यात जिप्सम विरघळतं जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणजे एक टनाला चार लाख लिटर, एकरावर साधारण 10 सेंटिमीटर पाणी. जमिनीत सोडियम कॅल्शियमला ओढून घेतं, म्हणून प्रत्यक्षात काहीसं कमी लागतं. तरी दोन-तीन टन जिप्समला एका पाण्याची पाळी पुरणार नाही. म्हणून मे अखेरीला बारीक जिप्सम सारखं पसरा, वरच्या थरात मिसळा, बांध नीट करा आणि पावसाला काम करू द्या. नांगरून खोल गाडू नका. किती टाकायचं ते परीक्षणाच्या अहवालावरून ठरवा, शेजाऱ्याच्या रानावरून नाही.

आपल्या बऱ्याच रानांत चुनखडी आहे. म्हणजे कॅल्शियम आहे, पण बंद कपाटात. तिथे गंधक चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुनखडीवर काम करून तिथल्या तिथे जिप्सम तयार करतं. त्याला ओल, ऊब आणि काही महिने लागतात. दलदलीत हे जिवाणू काम करत नाहीत, म्हणजे पुन्हा निचराच. शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी), फुलोऱ्याआधी हिरवळीचं खत म्हणून गाडलेला धैंचा, हे जोडीला हवंच.

चराचं काम एकट्याच्या गटात होत नाही, हे मात्र अवघड आहे. भूमिगत सच्छिद्र पाइप टाकले तरी त्यांचं तोंड ओढ्यापर्यंत पोचायला मध्ये चार जणांची रानं लागतात. एकानं बांधावर चर अडवला की वरच्या सगळ्यांचं पाणी तुंबतं. तेव्हा ओढा कोणाच्या रानातून गाठायचा आणि दरवर्षी गाळ कोण काढणार, हे खोदाईचं यंत्र बोलावण्याआधी कागदावर लिहून सह्या घ्या. पहिली दोन वर्षं हरभरा, तूर, भुईमूग नको. भात, गहू, चाऱ्याचं बीट यांवर भागवा. विहिरीचं पाणीही तपासून घ्या. त्यातच सोडा असेल तर दर पाळीला सोडियमची नवी भर पडत राहते.