रुग्ण चिडला, कागदावर काय लिहायचं?

केसपेपरवर ‘पेशंट अनकोऑपरेटिव्ह’ हा शेरा तुम्ही सगळ्यांनी वाचला आहे. त्यातून पुढच्या ड्यूटीच्या डॉक्टरला काय कळतं? रुग्णाने गोळी नाकारली, सलाईन ओढून काढलं, की नुसता आवाज चढवला? शिवाय हा शेरा प्रत्येक भेटीत जसाच्या तसा उतरवला जातो. पुढे कधी तो माणूस छातीत दुखतंय म्हणून आला, तरी आपल्या कपाळावर आधीच आठ्या.

नोंद अशी हवी: ‘सकाळी ११.२०. रुग्ण म्हणाले, “टाके दुखतात म्हणून रात्री तीनदा सांगितलं, कुणी फिरकलं नाही.” वेदना १० पैकी ७. जखम पाहिली, लाली किंवा स्राव नाही. वेदनाशामक दिलं. ११.३० ला सीनिअर रेसिडेंटना कळवलं.’ खाली नाव आणि सही. बोलणारा नातेवाईक असेल तर नातं लिहा. ‘दावा करतात’ म्हटलं की अविश्वास डोकावतो, ‘म्हणाले’ पुरतं. आणि शांत माणूस अचानक चिडला, तर लिहिण्याआधी शुगर आणि ऑक्सिजन बघा. तो राग नसून आजार असू शकतो.

हे कागद रुग्णाच्या हातात जातात, हेही ध्यानात ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी आल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

आता कोडिंग. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या कोडयादीत, ‘डॉक्टरांवर नाराज’ असा कोड नाही. मग काही जण आर४५.४, म्हणजे चिडचिड आणि राग, लावून मोकळे होतात. पण ‘आर’चं प्रकरण लक्षणांचं आहे. ओपीडीत तीन तास ताटकळलेल्या माणसाला तो कोड लावला, तर आपली रांग त्याच्या आजारात जमा झाली! रुग्णाने स्वतःहून प्रक्रिया नाकारली तर झेड५३.२, सोयच उपलब्ध नव्हती तर झेड७५.३. डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेणाऱ्याच्या फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ लिहून सुटू नका. पैसे, वागणूक, की दुसरीकडे दाखवायचंय, हे विचारा.

लेखी तक्रार केसपेपरला जोडायची नाही. तिची फाइल वेगळी. तिच्या वर्गीकरणासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तयार झालेलं एचकॅट हे साधन चांगलं आहे. उपचार, व्यवस्थापन आणि नातेसंबंध असे तीन विभाग, त्यांत मिळून सात वर्ग. घोळ होतो तो ‘ऐकून घेणं’ आणि ‘संवाद’ यांत. माहिती कुठून कुठे जायची होती ते बघा. रुग्णाने सांगितलं आणि आपण कानाआड केलं, तर पहिला. ऑपरेशन का पुढे ढकललं हे आपण सांगितलंच नाही, तर दुसरा. एका पत्राला दोन-तीन वर्ग लागू शकतात.

तीव्रता १ ते ३. ती भाषेवरून ठरवायची नाही. पार्किंगवरून शिव्यांनी भरलेलं पत्र १ वर थांबेल. ‘कृपया चौकशी व्हावी’ असं नम्रपणे लिहिलेलं, चुकीच्या इंजेक्शनचं पत्र ३ वर जाईल. तक्रार खरी की खोटी हे कोड लावणाऱ्याने बघायचं नाही, ते चौकशी समितीचं काम. त्याच पत्रांना दोघांनी एकमेकांचं न बघता कोड लावावेत आणि ‘कप्पा’ (kappa), म्हणजे दोघांच्या कोडमधलं एकमत मोजणारा आकडा, काढावा. तो ०.६ च्या खाली आला, तर माणसं बदलण्याआधी व्याख्या आणि नमुन्याची उदाहरणं पुन्हा लिहा.