रोनकाठची लाल वाइन आणि तिच्यासोबतचं ताट

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण फ्रान्समध्ये आविन्यों शहराच्या आसपास, रोन नदीच्या दोन्ही काठांना दूरवर द्राक्षमळे आहेत. तिथल्या रोजच्या जेवणातली लाल वाइन म्हणजे कोत द्यू रोन. नाव जुनं आहे. 1737 साली राजाज्ञा निघाली आणि रोकमोर बंदरातून जाणाऱ्या पिंपांवर सी. डी. आर. ही कोत द्यू रोनची आद्याक्षरं डागली जाऊ लागली. 1937 मध्ये या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं.

ही वाइन सहसा एकाच द्राक्षाची नसते. ग्रनाश मुख्य. पिकलेल्या लाल फळांचा वास आणि भरपूर अल्कोहोल तिच्यामुळे येतं. सिरा गडद रंग देते, आणि मिरीचा वासही. हा वास भास नव्हे बरं का. सिराच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीतही तेच असतं. आपल्या नाशिककडे शिराझ म्हणून लावतात, ती हीच सिरा. तिसरी मूर्वेद्र, उशिरा पिकणारी आणि चांगलीच तुरट.

चाखण्याआधी बाटली थोडी गार करा, हे मी आग्रहानं सांगेन. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण तो नियम युरोपातल्या थंड घरांचा. हिला 16 ते 18 अंश मानवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवली नाही, तर आधी अल्कोहोलच नाकात जातं आणि फळांचा वास हरवतो. ग्लास तिसरा हिस्साच भरा. हुंगा, ग्लास गोल फिरवा, पुन्हा हुंगा. मग एक घोट तोंडभर घोळवा.

वाइन ड्राय आहे, म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना संपलेली आहे. त्यामुळे पहिला घोट कोऱ्या, कडक चहासारखा जिभेला ओढून धरतो. अनेक जण इथेच ग्लास बाजूला ठेवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तो तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. पण सोबत मांसाचा घास असला, की ते मांसातल्या प्रथिनांनाही धरतं, आणि तीच वाइन मऊ लागते. म्हणून रिकाम्या तोंडी घेतलेल्या घोटावरून तिची परीक्षा करू नये.

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात तिच्यासोबत दोब करतात. गोमांसाचे मोठे तुकडे लाल वाइन, कांदा, लसूण, थाइम आणि संत्र्याची साल घालून रात्रभर मुरवायचे, मग मंद आचेवर तासन् तास शिजवायचे. थाइम आणि रोझमेरी या सुगंधी वनस्पती तिथल्या टेकड्यांवर रानोमाळ वाढतात, आणि वाइनमध्येही पुष्कळदा तसाच रानवास सापडतो. थाइम लावून भाजलेलं कोकराचं मांसही उत्तम. शाकाहारी असाल तर वांगी, झुकिनी, टोमॅटोचं रातातुई, किंवा काळ्या ऑलिव्हची तापनाद पावावर लावून घ्या.

दोन गोष्टी मात्र टाळा. झणझणीत तिखट नको. अल्कोहोलनं जिभेची आग वाढते. आणि गोड चटणी नको. गोडानंतर ही वाइन आंबट, रुक्ष लागते.

दोब उरलं, तर नीसकडचे लोक दुसऱ्या दिवशी तेच मांस बारीक करून राविओलीत, म्हणजे पास्त्याच्या छोट्या चौकोनी पुड्यांत, भरतात, वर त्याचाच रस्सा ओततात आणि उरलेली बाटली पुन्हा टेबलावर येते.