आपल्यावाचून काय खोळंबले आहे?

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘कठीण काळात जीवनाचा हेतू कसा शोधावा’ असा छापला आहे. विषय संयोजकांनी सुचवला आणि मी तो मान्य केला, तेव्हा तक्रारीचा अधिकार मला उरलेला नाही; तरीही त्यातल्या ‘शोधावा’ या क्रियापदाशी माझे जुने भांडण आहे. शेळी शोधावी, चष्मा शोधावा, सातबाऱ्यावरून अचानक नाहीसे झालेले आजोबांचे नाव शोधावे. हेतू त्या जातीचा नाही. ‘अर्थ’ हा शब्द छापला असता तरी पंचाईतच होती, कारण सलग दोन वर्षे सोयाबीनने दगा दिलेल्या गावात जाऊन ‘जीवनात काही अर्थ उरला आहे काय’ असे विचारले, तर माणूस बँकेचे पासबुक काढून दाखवील आणि शब्दकोशाच्या आधारे त्याचे उत्तर बरोबरच ठरेल. माझा शब्द घरगुती आहे: खोळंबा. आपल्यावाचून कोणाचे काय खोळंबले आहे, हा एकच प्रश्न अडचणीतल्या माणसाने स्वतःला विचारावा आणि भोवतालच्यांनीही त्याच्यापुढे ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. ते मी तीन टप्प्यांत मांडणार आहे. मात्र त्याआधी एका म्हशीची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

सप्टेंबर महिना आपल्याला दोनदा थांबवतो. १७ तारखेला १९४८ सालच्या मराठवाडा मुक्तीचा झेंडा असतो आणि ३० तारखेला किल्लारीच्या भूकंपाची पणती. तो दिवस पन्नाशी ओलांडलेल्यांना सांगण्याची गरज नाही. तरुणांसाठी एवढेच सांगतो की, १९९३ साली त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली, आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. उन्हातान्हापासून राखणारे माळवदच अंगावर आले, ही गोष्ट आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढे कित्येक वर्षे पटली नाही.

माझे मामा उमरगा तालुक्यात राहत असत. मामी आणि दोन्ही मुलगे त्या पहाटे गेले. मामा शेतात वस्तीला होते म्हणून वाचले, आणि वाचल्याचाच त्यांना राग होता. पत्र्याच्या शेडमध्ये ते भिंतीकडे तोंड करून वीस-बावीस दिवस बसून होते. जेवण पुढे ठेवले तर दोन घास खात, न ठेवले तर मागत नसत. मी तेव्हा बी. एड. करीत होतो आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातले मानसशास्त्र ताजे होते, त्यामुळे मी त्यांना रोज धीराचे चार शब्द ऐकवीत असे. ते शब्द आज मला आठवत नाहीत, आणि त्याबद्दल मी परमेश्वराचा आभारी आहे.

शेजारच्या शेडमध्ये एक आजी आणि तिची सहा-सात वर्षांची नात अशी दोनच माणसे उरली होती, आणि बाहेर बांधलेली असल्यामुळे वाचलेली एक म्हैस. रेडकू भिंतीखाली गेलेले होते. रेडकू गेलेली म्हैस लवकर पान्हवत नाही, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा अधिक कळते. आजीच्या हाताला मार लागलेला, स्वयंसेवक शहरातले. त्यांच्यातल्या एकाने धार काढण्याचा प्रयत्न केला तेव्हा म्हशीने बादली आणि स्वयंसेवक यांच्यात काही भेद केला नाही. शेवटी ती पोर एका संध्याकाळी मामांच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, म्हस पान्हवंना.” हुंदका नाही, विनवणी नाही, रस्त्यावरच्या माणसाला वेळ विचारावी तसा तिचा स्वर होता.

मामा उठले. त्या दिवशी दूध निघाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ते कोमट पाण्याने कास धूत, पाठीवर हात फिरवीत आणि पुढ्यात भिजवलेली सरकी पेंड ठेवून तिच्याशी काहीतरी पुटपुटत. माणसांशी ते अजून बोलत नव्हते. चौथ्या दिवशी फुलपात्रभर दूध निघाले. आठवड्याने त्या रांगेतल्या सहा शेडांचा चहा त्या म्हशीवर होऊ लागला, आणि मामांना उठायला पाच मिनिटे उशीर झाला की पत्र्यावर थाप पडू लागली.

आता माझी तक्रार, जी मी गेली तीसहून अधिक वर्षे जपून ठेवली आहे. याच सुमारास एक सद्गृहस्थ छापील प्रश्नावली घेऊन छावणीत आले. संस्थेचे नाव मी घेत नाही; हेतू चांगलाच होता. प्रश्न असा होता: ‘पुढील आयुष्यातील आपले ध्येय काय?’ मामांनी त्यांना विचारले, “किती वाजले?” साडेपाच वाजले होते. “मग धारंचा वखत झाला,” असे म्हणून मामा बादली घेऊन निघून गेले. त्या गृहस्थांनी रकान्यात ‘उत्तर दिले नाही’ असे लिहिले. मी शेजारीच उभा होतो. इतके नेमके उत्तर त्या संपूर्ण छावणीत त्यांना दुसऱ्या कोणी दिले असेल, असे मला वाटत नाही. आणि ते कोऱ्या रकान्यांच्या बेरजेत गेले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला आणि सत्काराचे हार माझ्या मापापेक्षा अधिक होते, हे नोंदवून मी तीन टप्पे भराभर उरकतो.

पहिला टप्पा. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल १९४२ ते १९४५ या काळात नाझी छळछावण्यांत होते. त्यांनी दोन कैद्यांची हकिगत नोंदवली आहे. दोघेही जीव देण्याच्या विचारात होते, कारण जीवनाकडून आता कसलीही अपेक्षा उरली नाही असे दोघांचे म्हणणे होते. बोलताना निघाले असे की, एकाचे मूल परदेशात त्याची वाट पाहत होते आणि दुसऱ्याची शास्त्रीय ग्रंथमाला अपुरी होती, जी दुसरा कोणी पुरी करू शकत नव्हता. आपण जीवनाकडे काय मागतो हे बाजूला ठेवून जीवन आपल्याकडे काय मागते ते पाहावे, असे फ्रँकल सांगत. त्यांचे स्वतःचेही एक हस्तलिखित छावणीत हिरावले गेले होते, आणि टायफसच्या तापात ते कागदाच्या चिठोऱ्यांवर त्याची टिपणे पुन्हा जुळवीत असत.

दुसरा टप्पा मदतीचा आहे. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीने खडी फोडली. ते काम कष्टाचे होते, मजुरी तुटपुंजी होती, आणि त्या दिवसांचे मी गोडवे गाणार नाही. पण पुढे एस. टी. त्या रस्त्याला लागली की ती खिडकीतून बोट दाखवून “ही आमची सडक” असे म्हणत असे. वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, त्यात नुसत्या धान्याऐवजी काम मागण्याचा हक्क होता. भूकंपानंतर घरे, भांडी, कपडे सगळे आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र घेणाऱ्याकडे कोणी काही मागितले नाही.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्यालाच वेळ उरला नाही. कर्जात बुडालेला शेतकरी खचतो तेव्हा बहुधा त्याचे गणित उलटलेले असते: आपण घरावर ओझे आहोत, आपण नसलो तर यांचे सुटेल. हे गणित चूक असते, पण व्याख्यान देऊन ते सुटत नाही. त्याच्याकडे जाऊन ‘उद्या पेरणीला तू हवास’ असे सांगावे लागते, आणि तसे खरोखर असावेही लागते. मनाचा आजार असेल तिथे डॉक्टर आणि औषधच हवे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तो आत्ताच लिहून घ्यावा.

दुसरी चिठ्ठी आली. एका आक्षेपाची नोंद मात्र केली पाहिजे. हे सगळे मी घरी बोलून दाखवले तेव्हा माझी पत्नी म्हणाली की, तुमचे मामा उठले ते कोणी बोलावले म्हणून. पण ज्या बाईवाचून पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळेच खोळंबते, तिला तुमच्या सिद्धांताने आतापर्यंत किती सुख मिळाले? या प्रश्नाला माझ्याकडे दीड पानाचे उत्तर आहे. ते मी तिला वाचून दाखवले आहे आणि तिला ते पटलेले नाही, त्यामुळे इथे वाचीत नाही. पुढच्या वर्षी बोलावलेत, तर त्याच विषयावर तिलाच बोलवा.