हाड धरलं नाही

(पडद्यावर सीटी स्कॅन. कमरेचे मणके, चार स्क्रू, दोन रॉड.)

या चित्रात एक बारीक काळी रेघ आहे. दोन मणक्यांच्या मधे जिथं एव्हाना सलग पांढरं हाड दिसायला हवं होतं, नेमकी तिथंच. या रेघेपायी एका माणसाला दोन वर्षांत दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतंय.

ही फाईल आपण नमुन्यादाखल घेतली आहे. रुग्ण अमेरिकेतला, वय ५८, बरीच वर्षं सिगारेट ओढणारा. कमरेचा चौथा आणि पाचवा मणका जोडण्याची शस्त्रक्रिया झाली, त्याला स्पाइनल फ्यूजन म्हणतात. पहिले सात-आठ महिने बरे गेले. मग उठताना कळ, वळताना कळ. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला, पट्टा झाला. आता पुन्हा ऑपरेशन.

(हिंजवडीतलं एक ऑफिस. सकाळ.)

आणि त्याचा चार्ट उघडलाय पुण्यात. स्क्रीनसमोर बसलेली मुलगी डॉक्टर नाही. ती मेडिकल कोडर आहे. डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं वाचायचं आणि त्या आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे तिचं काम. त्या कोडवर हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीकडे जातं. रुग्णाच्या नावावर कायमची नोंदही तीच राहते.

सर्जनच्या नोंदीत दोनच शब्द आहेत : फेल्ड फ्यूजन. म्हणजे फ्यूजन फसलं. पण फसलं म्हणजे नेमकं काय झालं?

(कोकणातली रोपवाटिका. आंब्याच्या खुंटाला काडी बांधणारे हात.)

हे समजायला कलम बांधताना बघावं. खुंटावर हापूसची काडी बसवतात आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळतात. पट्टी काही झाड जोडत नाही. आतला जीव एकमेकांत मिसळेपर्यंत ती फक्त हलू देत नाही. कलम धरलं, तर पट्टीचं काम संपलं.

मणक्यातही असंच असतं. झिजलेली गादी काढतात, तिथं हाडाचा चुरा भरतात. हाही कलमच, बरेचदा रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा. स्क्रू आणि रॉड म्हणजे वरची पट्टी. शरीरानं त्या चुऱ्यातून नवं हाड उभं करायचं आणि दोन मणक्यांचा एक ठोकळा करायचा. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन सर्जननी, एकमेकांपासून वेगळं काम करत, मणक्याचं फ्यूजन केलं. आल्बींनी त्यासाठी पायाच्या नडगीच्या हाडाचा तुकडा वापरला होता. तेव्हा स्क्रू नव्हते, रॉडही नव्हते. रुग्ण बहुतेक मणक्याच्या टीबीचे. आज धातू आहे, सीटी आहे, तरी शेवटचं काम हाडालाच करावं लागतं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि हाड भरून यायला रक्त हवं असतं, म्हणून सर्जन ऑपरेशनआधी सिगारेट सोडायला लावतात.

कधीकधी हाड धरतच नाही. वर्ष उलटतं, तरी मधे फट राहते आणि त्या फटीत मणके सूक्ष्म हलत राहतात. वैद्यकात याला स्यूडआर्थ्रोसिस म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ खोटा सांधा. जिथं सांधा नको म्हणून एवढी शस्त्रक्रिया केली, तिथंच एक नको असलेला सांधा तयार होतो.

याचा कोड आहे एम९६.०.

(कोडची पानं सरकत जातात.)

पण आपली कोडर तो लगेच टाकत नाही. तिच्यासमोर चार वाटा आहेत आणि चारही फेल्ड फ्यूजनच्या नावाखाली येतात. हाड धरलं नसेल तर एम९६.०. स्क्रू किंवा रॉड तुटला असेल तर टी८४.२१६, जागचा सरकला असेल तर टी८४.२२६, आणि दोन्हींच्या शेवटी आणखी एक अक्षर. हाड छान जुळलंय, धातू शाबूत आहे, तरी दुखतंच आहे, असंही होतं. अशा वेळी बहुतेकदा एम९६.१ लागतो. त्याचं नाव पोस्टलॅमिनेक्टॉमी सिंड्रोम. चौथी वाट म्हणजे जोडलेला भाग ठणठणीत, पण त्याच्या वरची किंवा खालची गादी झिजली. मग नोंद त्या शेजारच्या गादीच्या आजाराखाली.

एम९६.० आणि एम९६.१ यांच्यात फरक फक्त शून्य आणि एकचा. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर तो प्रचंड आहे. एकाचा रस्ता पुन्हा कलम भरण्याकडे जातो. दुसऱ्याचा जातो पेन क्लिनिककडे, इंजेक्शनांकडे, कधी मज्जारज्जूजवळ बसवायच्या विजेच्या यंत्राकडे. हाड न जुळलेल्या माणसाच्या नावावर चुकून दुसरा कोड पडला, तर कागदावर त्याची फट नाहीशीच होते. ऑपरेशन होऊनही हा कण्हतोच आहे, असं घरच्यांना वाटत असतं. आता त्याची फाईलही तेच म्हणू लागते.

सीटीच्या रिपोर्टमध्ये रेडिओलॉजिस्टनं स्पष्ट लिहिलंय की मणक्यांना जोडणारं हाड दिसत नाही. मग थांबायचं कशाला? थांबायचं, कारण रुग्ण हॉस्पिटलमध्ये दाखल आहे. दाखल रुग्णाच्या बाबतीत अमेरिकेतला नियम असा की तपासणीत काही वेगळं आढळलं, तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरनं त्याला आजार म्हटल्याशिवाय कोडरनं तो कोड लावायचा नाही. शस्त्रक्रियेतली गुंतागुंत म्हणून नोंद करायची असेल, तर शस्त्रक्रियेशी असलेला संबंधही डॉक्टरच्याच लिखाणातून दिसायला हवा. नियम मला योग्य वाटतो. स्यूडआर्थ्रोसिस प्रत्येकाला दुखतोच असं नाही. काहींना फट असूनही काहीच त्रास नसतो. या माणसाचं दुखणं त्या फटीचंच आहे, हे तपासणाऱ्यानंच सांगायला हवं.

(कीबोर्डवर बोटं.)

म्हणून ती क्वेरी टाकते, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न विचारते. क्वेरी लिहिणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक कौशल्य आहे. कृपया स्यूडआर्थ्रोसिस असं लिहावं, असं तिला म्हणता येत नाही. कोड बदलला की पैसे बदलतात, त्यामुळे प्रश्नातच उत्तर पेरायला बंदी आहे. ती लिहिते : नोंदीत फेल्ड फ्यूजन असा उल्लेख आहे. अमुक तारखेच्या सीटीत जोडणारं हाड दिसत नाही, स्क्रू शाबूत आहेत, रुग्णाला हालचालीसोबत वेदना आहेत. आपल्या वैद्यकीय मतानुसार निदान अधिक स्पष्ट करता येईल का? खाली पर्याय देते. त्यात 'इतर' असतं आणि 'सांगता येत नाही' हेही असतं.

उत्तर येईपर्यंत चार्ट अडकून राहतो. दिवसभरात ठरलेले चार्ट पुरे करायचा दबाव असतो, तरी ती तो बाजूला ठेवते. मला या थांबण्याबद्दल फार आदर आहे.

(जुनं पॅरिस, मग छापील याद्या.)

हे कोड ज्या यादीतून येतात, त्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीची, म्हणजे आयसीडीची, सुरुवात मृत्यूच्या नोंदींपासून झाली. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोमध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ मध्ये ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं आणि यादीत मृत्यूबरोबर आजारही आले. अमेरिकेनं दहावी आवृत्ती, आपल्या गरजेप्रमाणे वाढवून, १ ऑक्टोबर २०१५ पासून बिलांसाठी लागू केली. सुमारे १४ हजार कोडांचे सत्तर हजारांच्या आसपास झाले. डावा हात की उजवा, कुठलं बोट, कितवा मणका मोडला, सगळं सांगता येऊ लागलं.

एम९६.० मात्र तसाच राहिला. तो मान सांगत नाही, कंबर सांगत नाही. तो फक्त मणक्याचाही नाही. घोट्याचा सांधा जोडायला गेले आणि जुळला नाही, तरी हाच कोड. कुणाला कमरेची न जुळलेली हाडं मोजायची असतील, तर एकट्या या कोडवरून ती वेगळी काढता येणार नाहीत. अकराव्या आवृत्तीत मूळ कोडला शरीराची जागा जोडायची सोय आहे. ही सोय नुसती बिलाची नाही. कुठल्या ठिकाणचं हाड जास्त वेळा धरत नाही, हे त्यातून कळू शकतं.

(स्क्रीनवर नवी नोंद उघडते.)

सर्जनचं उत्तर आलं. स्यूडआर्थ्रोसिस, कमरेचा चौथा-पाचवा मणका, आधीच्या फ्यूजननंतर, स्क्रू-रॉड शाबूत, वेदना यामुळेच. कोडर एम९६.० टाकते. सिगारेटच्या व्यसनाचा वेगळा कोड लावते. कितवा मणका, ते सर्जनच्या वाक्यातच राहतं.

तिकडं त्या माणसाचं ऑपरेशन झालं आहे. काळी फट खरवडून काढली, ताजं कलम भरलं. वर्षभरानं पुन्हा सीटी होईल. मधे पांढरं हाड सलग दिसलं, तर त्याच्या चार्टवर झेड९८.१ लागेल. अर्थ इतकाच : सांधा जोडलेला आहे.